डॉक्टर कसा घडतो, आणि त्यात तुमचा वाटा किती?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी भरलेली होती. नेहमीच्या एक आजी आत आल्या. वय सत्तरीच्या पुढचं, यवतपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या वस्तीवर राहतात, नऊ वर्षांपासून बीपीसाठी माझ्याकडे येतात. त्या दिवशी फाइलबरोबर त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं एक पान होतं.

"त्या पोरीनं दिलंय, डॉक्टर. तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याबिगर राहू नका म्हणाली."

पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : "सर, आजींचं बीपी आज घरी १८४/१०२ होतं. दोन वेळा मोजलं. आजी बीपीच्या गोळ्या रोज घेत नाहीत. चक्कर आल्यासारखं वाटलं तरच घेतात. फळीवरच्या डब्यात अकरा भरलेल्या स्ट्रिप्स आहेत. कृपया पाहावे." खाली सही आणि 'एमबीबीएस, दुसरं वर्ष'.

मी ते पान दोनदा वाचलं. मग आजींची फाइल उघडली. सगळं माझ्याच अक्षरात होतं. तीन वर्षांपूर्वी बीपी उतरत नाही म्हणून गोळीचा डोस वाढवला होता. दीड वर्षापूर्वी पुन्हा वाढवला. सहा महिन्यांपूर्वी दुसरी गोळी जोडली. प्रत्येक भेटीत मी विचारत होतो, "आजी, गोळ्या चालू आहेत ना?" आणि त्या सांगत होत्या, "हायेत की." त्यांचा मुलगा दर महिन्याला इमानेइतबारे गोळ्या आणून देत होता. त्यामुळे मलाही शंका आली नाही. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी गोळ्या चालूच होत्या.

"आजी, रोज का नाही घेतली?"

"आवं, रोज खाल्ली की सवय लागती. डोस्कं जड झालं, गरगराया लागलं की घेते म्या एक."

आजींसारखा विचार करणारे खूप जण हा लेख वाचत असतील, म्हणून आधी एवढं सांगतो. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. डोकं दुखलं नाही म्हणजे बीपी नॉर्मल आहे, असं नसतं. गोळीचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो, म्हणून ती रोज घ्यायची. तिची दारू-तंबाखूसारखी सवय लागत नाही. आजार कायमचा असतो, म्हणून गोळी कायमची असते. दुसरा धोका माझ्या लक्षात आला तेव्हा मला घाम फुटला. उद्या आजी काही कारणाने दवाखान्यात दाखल झाल्या असत्या आणि नर्सने माझ्या चिठ्ठीप्रमाणे सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या असत्या, तर त्यांचं बीपी एकदम खाली गेलं असतं. त्या वयात तेही घातकच.

नऊ वर्षांत मला जे कळलं नाही, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलीला एका भेटीत कळलं. ती माझ्यापेक्षा हुशार आहे का? असेलही. पण मुख्य कारण वेगळं आहे. ती आजींच्या घरी गेली होती, ओट्यावर बसली होती आणि तिच्याकडे वेळ होता. तिला तिथे पाठवलं होतं तिच्या अभ्यासक्रमाने. आज त्या अभ्यासक्रमाविषयी लिहायचं आहे. वैद्यकीय शिक्षण हा फक्त कॉलेज आणि विद्यार्थ्यांचा विषय वाटतो, पण तिथे जे शिकवलं जातं, जे राहून जातं, ते पुढे तुमच्याच अंगावर येतं.

आम्ही कसे शिकलो

मी १९८७ साली बारावी झालो. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. तेव्हा महाराष्ट्रात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर मिळायचा, नीट वगैरे काही नव्हतं. पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं होतं : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दीड वर्ष आम्ही मृतदेह, बेडकाचे स्नायू आणि टेस्ट ट्यूब यांच्यात काढलं. त्या काळात एकाही आजारी माणसाशी बोलण्याची वेळ आली नाही. इंग्रजीच्या धास्तीने मी तर पानंच्या पानं पाठ करत होतो.

मग वॉर्डात गेलो. शिक्षक फार मोठे होते. हृदयाचा ठोका ऐकून झडपेचा आजार सांगायचे, आणि पुढे सोनोग्राफीत तेच निघायचं. त्यांच्याकडून जे शिकलो त्यावर आजवर पोट भरतोय, कृतज्ञता आहेच. पण आमच्या तोंडात पेशंटचं नाव क्वचित असायचं. "चौदा नंबरचं मायट्रल पाहिलंस का?" असं आम्ही बोलायचो. परीक्षेला झडपेचे जुने पेशंट बोलावले जायचे. ते इतक्या परीक्षांना बसलेले असायचे की घाबरलेल्या मुलाच्या कानात हळूच उत्तर सांगायचे, "डॉक्टर, मायट्रल स्टेनोसिस लिहा, डाव्या कुशीवर वळवून ऐका." पेशंट विद्यार्थ्याला शिकवतो म्हणतात ना, ते आम्ही अगदी शब्दशः अनुभवलंय!

मात्र त्याच पेशंटला "घरी कोण कोण आहे, गोळ्यांचे पैसे कुठून आणता, काम सुटलं का?" हे विचारल्याचं मला आठवत नाही. परीक्षेत त्याला मार्क नव्हते. आणि ज्याला मार्क नसतात ते विद्यार्थी शिकत नाही, ही सगळ्या शिक्षणाची रीतच आहे.

इनहेलरची गोळी

एमडी करून १९९८ मध्ये मी यवतला दवाखाना टाकला. ऊस, गुऱ्हाळं आणि पुणे-सोलापूर रस्ता, हे आमच्या भागाचं जग. दोन-तीन वर्षांनी एक मध्यमवयीन माणूस दम लागतो म्हणून आला. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळण टाकायचं काम करायचा. दिवसभर धूर. तपासलं, दम्याचं निदान केलं आणि श्वासातून ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सोबत ओढायचं छोटं यंत्र. औषध अगदी पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं.

दोन महिन्यांनी थंडीत रात्री दीड वाजता टेम्पोतून त्याला आणलं. पुढे वाकून बसलेला, एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं, ओठ निळसर झालेले. ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन दिलं आणि पुण्याला पाठवलं. चार दिवसांनी तो सुखरूप परत आला. पिशवीतून औषधं काढली. कॅप्सूलची बाटली जवळजवळ रिकामी होती.

"औषध तर संपवलंत. मग दम कसा वाढला?"

"नेमानं घेतल्या साहेब गोळ्या. सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर."

"आणि ते यंत्र?"

"ते फुकट दिलं असंल म्हणून पोराला खेळायला दिलं."

त्या कॅप्सूलमधली पूड फुफ्फुसात जायला हवी होती. ती दोन महिने पोटात गेली आणि जवळजवळ वाया गेली. त्या माणसाची काही चूक नव्हती. कॅप्सूल म्हणजे गिळायची, हे त्याला आयुष्याने शिकवलं होतं. ती ओढायची आहे हे सांगणं, करून दाखवणं आणि त्याच्याकडून करून घेणं हे माझं काम होतं. दम्याच्या औषधांची वर्गवारी मला तोंडपाठ होती, पण पेशंटला औषध कसं समजवायचं हे मी साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये आणि नंतरच्या एमडीत शिकलो नव्हतो. ते त्या माणसाचा जीव टांगणीला लावून शिकलो.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक रिकामं यंत्र कायम असतं. ज्यांना इनहेलर देतो त्यांना माझ्यासमोर ओढून दाखवायला लावतो. तुम्ही इनहेलर घेत असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, "मी कसा घेतो ते एकदा बघा." बरोबर घेत असाल तरी बिघडत काही नाही.

२०१९ नंतर काय बदललं

ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या बॅचपासून देशभर एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. तो तयार झाला जुन्या मेडिकल कौन्सिलच्या काळात. २५ सप्टेंबर २०२० पासून कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला आणि त्याने तो पुढे चालवला. नाव आहे क्षमताधारित वैद्यकीय शिक्षण. सोप्या भाषेत : विद्यार्थ्याला काय माहीत आहे एवढंच बघायचं नाही, त्याला काय करता येतं तेही बघायचं. टाके घालता येतात का, नाडी नीट मोजता येते का, वाईट बातमी नातेवाइकांना सांगता येते का. विद्यार्थी ही कामं शिक्षकांसमोर करतो आणि लॉगबुकमध्ये नोंद होते. सलाइन लावणं, तोंडातून श्वास देणं यांसारखी कामं आधी पुतळ्यावर शिकायची, मग माणसावर. आमचं पहिलं इंजेक्शन ज्या बिचाऱ्याला बसलं, त्याची आठवण झाली की हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्याच वर्षी विद्यार्थी पेशंटला भेटतो. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग आता सगळ्या वर्षांमधून शिकवला जातो. औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमातली एक ओळ वाचून मला माझा गुऱ्हाळावरचा पेशंट आठवला. औषध कसं घ्यायचं, औषध घेण्याचं साधन कसं वापरायचं आणि औषध कसं साठवायचं याविषयी पेशंटशी बोलता येणं, ही एक क्षमता म्हणून तिथे लिहून ठेवली आहे. वीस वर्षं आधी लिहिली असती तर!

भाषेचाही विचार केला आहे. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवली जाते. आपल्या सरकारी कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, म्हणजे वर्गात केरळची, राजस्थानची मुलं असतात. आजींच्या घरी आलेल्या जोडीतला मुलगा राजस्थानचा होता. तो मराठी बोलत होता, पण 'गरगरतंय' म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि हे साधं नाही. आपल्याकडे माणूस "घाबरं होतंय" म्हणतो तेव्हा त्याला धडधड, दम, चिंता यांपैकी काहीही म्हणायचं असतं. कळ, मुरडा, ठसठस, जळजळ ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यावरून निदान बदलतं. हा शब्दकोश कुठल्याही इंग्रजी ग्रंथात नाही. तो तुमच्याकडे आहे.

तिसरा बदल म्हणजे ती मुलगी आजींच्या ओट्यावर पोचली तो. २०२१-२२ च्या सुमारास आलेल्या कुटुंब दत्तक उपक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याकडे खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं सोपवली जातात. पहिल्या वर्षापासून तो त्यांच्याकडे जातो, बीपी मोजतो, लसीकरण, आहार, पाणी, संडास यांची माहिती घेतो आणि तीच कुटुंबं पुढे पाहत राहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीही २०२० मध्ये नियम झाला : एमडी, एमएस करताना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करायचं.

पालखीतला एक धडा

दरवर्षी तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला असते. गावभर पिठलं-भाकरीची चुलाणं पेटतात आणि आमच्या तपासणी शिबिरात पायांची रांग लागते. मागे एकदा मदतीला आलेल्या एका इंटर्नने साठीतल्या मधुमेही वारकऱ्याला सांगितलं, "काका, शुगर एवढी वाढलीय, पायाला फोड आहेत, तुम्ही चालणं थांबवा." काका हसले. "थांबायचं असतं तर निघालोच नसतो, डॉक्टर."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "ते चालणारच आहेत. आता काय सांगशील?" तो जरा वेळ गप्प बसला. मग काकांच्या शेजारी खाली बसून विचारायला लागला. नाश्ता किती वाजता मिळतो, गोळी कधी घेता, पायात काय घालता. शेवटी त्याने सांगितलं : गोळी घेऊन उपाशी चालायचं नाही, खिशात साखर किंवा गूळ ठेवायचा, घाम-थरथर झाली की लगेच खायचा, रोज मुक्कामाला दोन्ही पायांचे तळवे दुसऱ्याला पाहायला लावायचे, फोड फोडायचा नाही, अनवाणी चालायचं नाही. काकांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. पहिला सल्ला बरोबर होता, पण काकांच्या काही उपयोगाचा नव्हता. दुसरा ते पाळू शकत होते. हा फरक पुस्तकातून कळायला अवघड आहे.

ही कल्पना जुनी आहे, म्हणूनच काळजी वाटते

विद्यार्थ्यांना खेड्यात न्यावं हे कुणाला आज सुचलेलं नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात समाजाच्या आरोग्याचा विचार करणारा डॉक्टर हवा, असं म्हटलं होतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजमध्ये तर १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी कॉलेज काढल्यापासून हीच दिशा आहे. तिथे प्रत्येक नवी बॅच एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको.

पण दुसरीही एक आठवण आहे. १९७७ मध्ये सरकारने एक योजना आणली होती. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गट आपले मानायचे आणि विद्यार्थ्यांना फिरत्या दवाखान्यातून खेड्यात न्यायचं. आमच्या कॉलेजच्या आवारात त्या योजनेतली एक गाडी उभी असायची. टायर बसलेले, काचेवर धूळ, आणि आम्ही तिच्या सावलीत सायकली लावायचो. ती गाडी खेड्यात का जात नाही, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही.

आज कुटुंब दत्तक उपक्रमाबद्दल मला हीच भीती आहे. एका बसमधून शंभर मुलं आणायची, फोटो काढायचे, फॉर्म भरायचे आणि तीन वाजता परत न्यायचं, असंही होऊ शकतं. काही ठिकाणी होतही असेल. त्या मुलीने केलं तसं डब्यात डोकावायला वेळ लागतो, आणि तिने लिहिलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे विचारणारा शिक्षक लागतो.

जागा वाढल्या

देशात २०१४ मध्ये एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १५ हजारांच्या वर गेल्या. आपल्याजवळ बारामतीला २०१९ मध्ये १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा अशा जिल्ह्यांतही आता कॉलेज आहे.

माझ्या पिढीला हे स्वप्नवत वाटतं. दौंड-इंदापूरच्या मुलाला घराजवळ सरकारी फीमध्ये डॉक्टर होता येतं, आणि कॉलेजबरोबर येणारं मोठं रुग्णालय गावकऱ्यांना मिळतं. पण इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते, शिकवणारा प्राध्यापक तेवढ्यात तयार होत नाही. शिक्षक पुरेसे नसतील तर क्षमताधारित शिक्षणाचं लॉगबुक फक्त सह्यांनी भरेल.

ओपीडीत पालक विचारतात, "डॉक्टर, पोराला मेडिकलला घालायचंय, स्कोप आहे का?" २०२४ मध्ये सुमारे २३ लाख मुलांनी नीट दिली, हे मी त्यांना आधी सांगतो. मग म्हणतो, लातूर किंवा कोट्याला पाठवायच्या आधी सुट्टीत एक आठवडा त्याला सरकारी दवाखान्याच्या बाकावर नुसतं बसू द्या. लोक काय बोलतात ते ऐकू द्या. त्याला कंटाळा आला तर तेही लवकर कळलेलं बरं. नीटमध्ये स्मरणशक्ती आणि वेग कळतो, ऐकून घेण्याची तयारी कळत नाही.

आणि यंत्रांचं काय? ईसीजीचं यंत्र आता निदानही छापून देतं. एक्स-रे वाचणारे संगणक आलेत, आणि माझ्यापेक्षा कमी थकतात. नव्या डॉक्टरांनी ते जरूर वापरावेत. पण यंत्राला जी माहिती दिली जाते त्यावरच ते उत्तर देतं. आजींची फाइल यंत्राला दिली असती तर त्यानेही, माझ्यासारखंच, तिसरी गोळी सुचवली असती.

तुमचा वाटा

तुमच्या गावात विद्यार्थी येतील, किंवा तुम्ही मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जाल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

१. विद्यार्थ्याने आधी स्वतःचं नाव आणि आपण विद्यार्थी आहोत हे सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचारा. तपासण्याआधी त्याने तुमची परवानगी घ्यायला हवी.

२. तुम्ही नाही म्हणू शकता. त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. बायकांना तपासताना सोबत एखादी स्त्री असावी, असं सांगायला संकोच करू नका.

३. विद्यार्थी तुमचं औषध सुरू, बंद किंवा बदलू शकत नाही. त्याला काही वेगळं आढळलं तर ते लिहून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आजींनी केलं ते अगदी बरोबर केलं.

४. खरं सांगा. गोळी चुकते, मिसरी लावता, झाडपाला घेता, पैसे पुरत नाहीत म्हणून निम्म्याच गोळ्या घेता, सगळं. लाजू नका. यातूनच तो शिकेल, आणि तुमचाही फायदा होईल.

५. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा तरी डॉक्टरांना दाखवा. आजींनी तो डबा मला दाखवला असता, किंवा मी मागितला असता, तर नऊ वर्षं गेली नसती.

६. कळलं नाही तर "परत सांगा" म्हणा. मग स्वतःच्या शब्दांत त्यांना सांगून दाखवा. विद्यार्थ्यासाठी हीसुद्धा एक परीक्षाच.

तुम्हाला वाटेल, शिकाऊ पोरांसाठी एवढं का करायचं? मोठ्या डॉक्टरांनी तपासलं की झालं. तर मी मोठा डॉक्टर होतो, एमडी होतो, पंचवीस वर्षांचा अनुभव होता, आणि आजींना मी न घेतलेल्या गोळ्यांचा डोस वाढवून देत होतो.

त्या दिवशी मी आजींची दुसरी गोळी बंद केली आणि पहिली कमी डोसमध्ये रोज सकाळी चहाबरोबर घ्यायला सांगितली. नातसुनेला बोलावून कॅलेंडरवर खूण करायला शिकवलं. आठवड्याने आणि मग दोन आठवड्यांनी तपासलं. दीड महिन्यात बीपी १३८/८४ वर आलं. एकाच गोळीवर, आणि मी सुरुवातीला दिलेल्या डोसपेक्षा जास्त नाही.

मी त्याच पानाच्या मागे उत्तर लिहून आजींकडे दिलं : "निरीक्षण अचूक. औषध बदलले आहे. चूक माझी होती. पुढच्या भेटीत बीपी मोजून कळवावे." पुढच्या वेळी ती मुलगी आली तेव्हा आजींनी ते पान तिच्या हातात ठेवलं, म्हणे ती बराच वेळ वाचत होती. नंतर तिने घरातल्या सगळ्यांचंच बीपी मोजलं. मुलाचं १५०/९६ निघालं. वय अठ्ठेचाळीस, काहीच त्रास नाही. इतकी वर्षं आईच्या गोळ्या आणणारा तो माणूस पुढच्या सोमवारी माझ्यासमोर पेशंट म्हणून बसला होता.

आता मी "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारत नाही. "या आठवड्यात किती दिवस गोळी घ्यायची राहिली?" असं विचारतो. तुम्ही ओपीडीत याल तेव्हा तुम्हालाही विचारीन. खरं उत्तर द्या, रागावणार नाही.